मिरकाबमधली शेवटची बिअर

कुवेतमध्ये बिअर मिळत नाही. दुकानात नाही, हॉटेलात नाही, विमानतळावर नाही, आणि घरी करणं हा गुन्हा आहे. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे त्यात ‘ठाऊक नव्हतं’ ही सबब माझ्याकडे नाही.

मी पुण्याचा. कुवेतमधल्या अहमदी या तेलाच्या गावी प्रोसेस इंजिनियर म्हणून नोकरीला आहे आणि कंपनीच्याच जुन्या बैठ्या घरात राहतो. इथे येण्यापूर्वी दीड वर्ष बेल्जियममध्ये, अँटवर्पला होतो. तिथला माझा घरमालक निवृत्त पोस्टमन होता आणि स्वयंपाकघरात बिअर बनवायचा. आपल्याकडे मुरंबा करावा इतक्या सहजपणे. त्याची एक खोड होती. तो एक बिअर कधी धड एक ठेवायचा नाही. गडद, खजुरासारखी गोड दुबेल अर्धी आणि शेतमजुरांसाठी उन्हाळ्यात करायचे ती कोरडी, मिरीसारखी झणझणीत सेझाँ अर्धी, अशी एकमेकांत ओतायचा आणि पुन्हा आंबवायला ठेवायचा. त्याच्या बायकोला ते मान्य नव्हतं. ती म्हणायची, ज्याचं त्याला राहू दे. पण त्या मिश्रणाची चव माझ्या जिभेवर राहिली ती राहिलीच.

कुवेतला आलो आणि सात-आठ वर्षं त्याबद्दल कुणाशी बोललोही नाही. मग करोनाची साथ ओसरल्यावर कंपनीच्या तपासणीसाठी एका दवाखान्यात गेलो. रक्त काढणारा टेक्निशियन माझा फोन ऐकत होता. मी बायकोशी बोलत होतो. फोन ठेवल्यावर तो सुई न टोचता म्हणाला, “पुण्याचे का? आवाजावरून कळायलंय.” तो नांदेडचा होता. दुसऱ्या दिवशी रिपोर्टबरोबर स्वतःच फोन केला, “शुगर कडंला येऊन थांबलीय. भात कमी करा.” असा आमचा परिचय झाला आणि महिन्याभरात ‘अहो-जाहो’चं ‘अरे-तुरे’ झालं.

तो आणि त्याची बायको कुवेत शहरात, मिरकाबमधल्या एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायचे. वहिनी सरकारी इस्पितळात नर्स होत्या. शुक्रवारच्या सुट्टीला आम्ही दोघं नवरा-बायको मुलीला घेऊन त्यांच्याकडे जायचो, किंवा ते अहमदीला यायचे. अशाच एका शुक्रवारी ज्वारीची भाकरी आणि ठेचा खाता खाता मी त्या पोस्टमनची गोष्ट सांगितली. त्याने घास हातात धरून ऐकली. मग म्हणाला, “यीस्टचंच काम आहे ना ते? मग माझं काम आहे.”

त्याने आयुष्यात बेल्जियमची बिअर चाखली नव्हती. कुठलीच फारशी चाखली नव्हती. त्याला पिण्यात रस नव्हताच, वाढवण्यात होता. प्रयोगशाळेत दिवसभर लोकांच्या घशातले आणि लघवीतले जंतू काचेच्या थाळीत वाढवून त्यांची नावं सांगायची, हे त्याचं काम होतं. “रोज रोगाचे वाढवतो,” तो म्हणाला, “एखाद वेळेस चांगले वाढवू की.”

बकऱ्यांच्या खाद्याच्या दुकानातून जव आणले. मटकीला आणतो तसे ओल्या गोणपाटात मोड आणले आणि माझ्या मागच्या अंगणात जूनच्या उन्हात पसरले. दोन दिवसांत कडकडीत वाळले. बिअरला कडवटपणा देणारी हॉप्सची फुलं मी युरोपातल्या मीटिंगवरून येताना हर्बल चहाच्या डब्यातून आणली होती. यीस्टची पाकिटंही तशीच. दुबेलला लागणाऱ्या काळ्या साखरेऐवजी इथला खजुराचा पाक, दिब्स घातला. घनता मोजायला त्याने नांदेडहून एक काचेची नळी मागवली, लघवीची घनता मोजतात ती. “नवी आहे,” असं त्याने तीनदा शपथेवर सांगितलं, तरी माझ्या बायकोने त्या नळीला शेवटपर्यंत हात लावला नाही.

चव त्याला माहीत नसल्यामुळे सगळं मला शब्दांत सांगावं लागायचं. तो वही घेऊन बसायचा.

“कशासारखा वास?”

“लवंगेसारखा. पण लवंग नव्हे.”

“मग?”

“पिकलेलं केळं. आणि गिळल्यावर मागून मिरी.”

तो लिहून घ्यायचा, एखाद्या रुग्णाची लक्षणं लिहून घ्यावीत तसं. मग माझ्या स्टोअररूममध्ये एक बरणी गार ठेवायची, एक गरम ठेवायची, एकीला सुरुवातीला एसी आणि नंतर बंद, असं करत बसायचा. पहिल्या दोन खेपा फेकून दिल्या. तिसऱ्या खेपेला त्याने ग्लास पुढे केला. मी घोट घेतला. मी अँटवर्पच्या त्या स्वयंपाकघरात होतो. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. “जमलं?” म्हणाला. मी मान हलवली. त्याने स्वतः एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, “कडू आहे की.” आणि इतका हसला की वहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या.

त्या वर्षात आम्ही पाच-सहा बिअरी केल्या असतील. धने आणि संत्र्याची साल घातलेली गव्हाची बिअर आणि दुबेलहून कडक, तिखटशी ट्रिपेल एकत्र केली ती सगळ्यांत छान झाली होती. संत्र्याच्या जोडीला इथलं वाळवलेलं काळं लिंबूही घातलं होतं, ती वहिनींची सूचना. त्या प्यायच्या नाहीत, पण वास घ्यायच्या आणि त्यांचं नाक आमच्या दोघांपेक्षा तल्लख होतं. कुणाला विकलं नाही, कुणाला वाटलं नाही. एका वेळेला दहा-बारा बाटल्या, त्या आम्हीच महिनाभर पुरवून संपवायच्या. घरापासून लांब राहणाऱ्या माणसाला काहीतरी स्वतःच्या हाताने घडवल्याचा जो आनंद असतो, तो मला त्या स्टोअररूममध्ये मिळाला. तेवढा निखळ आनंद मला नोकरीत कधी मिळाला नाही.

राहिली होती ती फक्त पोस्टमनची बिअर. दुबेल आणि सेझाँचं मिश्रण. ती आम्ही शेवटी ठेवली होती.

दुबेल आणि सेझाँ वेगवेगळ्या तयार झाल्या, दोन्ही उत्तम. मे महिन्यात एकत्र ओतल्या. आणि त्याच आठवड्यात माझ्या सासू-सासऱ्यांचा व्हिसा मंजूर झाला. ते दोन महिने राहायला येणार होते. बायको म्हणाली, “आई-बाबांसमोर हे स्टोअररूममधलं नको.”

मी मित्राला फोन केला. “दोन महिने तुझ्याकडे ठेवशील?”

तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “माझी बिल्डिंग जुनी आहे. भिंती पातळ. पण आण.”

ती शांतता मला तेव्हाही ऐकू आली होती. मी ती न ऐकल्यासारखी केली. कंपनीच्या बंगल्यात कुणी झडती घ्यायला येत नाही, मिरकाबच्या भाड्याच्या इमारतीत येऊ शकतं, हे मला कळत होतं. मी बरणी गाडीत घातली, वर चादर टाकली आणि त्याच्याकडे पोचवली. त्याच्या घरात जादाचं एक छोटं बाथरूम होतं, त्यात ती ठेवली.

मग जुलैच्या सुरुवातीला मी घाई केली. आम्ही सगळे मिळून वीस तारखेला सुट्टीवर भारतात जाणार होतो आणि मला त्याआधी ती बिअर प्यायची होती. एवढंच कारण. दुसरं काहीही नाही.

“बाटल्या भरू या,” मी म्हणालो.

“थांब की,” तो म्हणाला. “घनतेचा आकडा अजून उतरायलाय. मंगळवारी सोळा होता, आज चौदा. सेझाँचं यीस्ट हावरट आहे, दुबेलमधली उरलेली साखर खायलंय. तीन आठवडे तरी थांब.”

“दोन पॉइंटने काय होतंय?”

“बंद बाटलीत होतंय.”

बंद भांड्यातला दाब हा माझ्या रोजच्या कामाचा विषय आहे. मी त्यावर तरुण इंजिनियरांना व्याख्यानं देतो. तरी मी म्हणालो, “अरे, तू घाबरट आहेस.” मी हसत म्हणालो, पण म्हणालो. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि बाटल्या काढल्या. जाड काचेच्या सातच होत्या. बाकीच्या लिंबू सरबताच्या पातळ बाटल्या. “ह्या चालतील,” मी म्हणालो. अठरा बाटल्या भरल्या, बुचं लावली आणि मी अहमदीला घरी आलो.

पाचव्या दिवशी, दुपारी, त्या फुटल्या.

एक फुटली असणार, तिच्या काचेने दुसरी. बाथरूममध्ये एसी नव्हता, बाहेर पन्नासच्या आसपास ऊन होतं. घरात कुणी नव्हतं. आवाज इतका मोठा झाला की खालच्या मजल्यावरच्यांना गॅसचं सिलिंडर उडालं असं वाटलं. इमारतीच्या हारिसने, म्हणजे राखणदाराने, अग्निशमनवाल्यांना बोलावलं. त्यांच्याबरोबर पोलीस आले. दार उघडल्यावर घरभर वास. पुढे कुणाला काही विचारायची गरजच नव्हती.

मला हे कसं कळलं? आमच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर मिरकाबमध्ये राहणाऱ्या कुणीतरी फोटो टाकला: इमारत, खाली पोलिसांची गाडी, ‘स्फोट झाला म्हणतात, काळजी घ्या.’ इमारत मी ओळखली. तेव्हा साडेतीन वाजले होते. मी त्या दिवशी लवकर घरी आलो होतो. सासू-सासरे हॉलमध्ये वामकुक्षी घेत होते, बायको मुलीला घेऊन दाताच्या डॉक्टरकडे गेली होती.

मी त्याला फोन केला नाही. मी स्टोअररूममध्ये गेलो. तिथे मोड आणलेल्या जवाची अर्धी पिशवी होती, हॉप्सचा डबा होता, आदल्या दुबेलची शिल्लक एक बाटली होती. जव काळ्या पिशवीत बांधले. हॉप्स कमोडमध्ये टाकून पाणी ओढलं, ती फुलं तरंगून वर आली, पुन्हा ओढलं. बाटली मोरीत ओतली आणि वर फिनेल. मी खिडकीतून पुनःपुन्हा रस्त्याकडे बघत होतो.

चार वाजून काही मिनिटांनी फोन वाजला. लँडलाइनचा नंबर, अनोळखी. मला कळलं. असं नाही म्हणता येणार की नाही कळलं. मी तो हातात धरून बघत राहिलो. थांबला. पुन्हा वाजला. पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी तो उलटा करून वॉशिंग मशीनवर ठेवला आणि मोरी घासत राहिलो. मग तो वाजला नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. त्याने सगळं स्वतःवर घेतलं. “बिअर माझी, भांडी माझी, पिणारा मीच,” असं पोलिसांना सांगितलं. वहिनींनाही त्याने त्यातून बाहेर ठेवलं. तीन आठवडे कोठडीत होता, मग बोटांचे ठसे घेऊन त्याला मायदेशी धाडलं. कायमची बंदी. अंगावरच्या कपड्यांनिशी मुंबईला उतरला. मी तोवर सुट्टीवर पुण्यात होतो. ठरल्याप्रमाणे वीस तारखेला गेलो होतो. बेत बदलला असता तर संशय आला असता, असं मी स्वतःला सांगितलं.

वहिनींनी नोकरीचा राजीनामा दिला, नोटीस पुरी केली आणि दोन महिन्यांनी त्याही गेल्या. त्या काळात त्या मैत्रिणींबरोबर नर्सेसच्या हॉस्टेलवर राहत होत्या. माझी बायको त्यांना भेटायला जायची. मी गेलो नाही. एकदा त्यांनी तिच्यापाशी निरोप दिला: “भावजींना सांगा, काळजी करू नका. तुमचं नाव कुठंच नाही.” बायकोने तो निरोप मला जसाच्या तसा सांगितला, वहिनींचं मन किती मोठं ते दाखवायला. मी जेवणाच्या ताटावरून उठलो. तिला वाटलं मला भरून आलं.

त्याला फोन करायला मला दीड वर्ष लागलं. आधी मेसेज केले होते, त्याचं उत्तर एका शब्दाचं यायचं. ‘बरा आहे.’ ‘ठीक.’ गेल्या हिवाळ्यात पुण्याला गेलो तेव्हा गाडी काढली आणि सरळ नांदेड गाठलं. वाटेतून फोन केला. तो म्हणाला, “आलायस तर ये.”

एका डॉक्टरच्या इमारतीत तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत त्याची लॅब होती. लॅब कसली, एक टेबल, एक सूक्ष्मदर्शक, एक फ्रिज. केस पांढरे झाले होते. त्याने एका बाईंचं रक्त काढलं, पट्टी लावली, कोपर दुमडून धरा म्हणाला, मग माझ्याकडे वळला. चहा मागवला. आम्ही हवापाण्याचं बोललो. मी तयारी करून आलो होतो. गाडीत पाच-सहा तास मनाशी घोकत आलो होतो. म्हणालो, “तू माझं नाव घेतलं नाहीस. हे मी जन्मात विसरणार नाही.”

त्याने कप खाली ठेवला.

“ते तुझ्यासाठी नव्हतं रे,” तो म्हणाला. “तिथला दुभाषी मल्याळी होता, चांगला माणूस. तो म्हणाला, एकटाच होतो म्हण. दोन नावं आली की विकायचा धंदा ठरतो, मग वर्षं लागतील. म्हणून नाही घेतलं.”

दीड वर्ष मी ज्या उपकाराखाली वाकलो होतो तो उपकार नव्हताच.

“फोन केला होता मी तुला,” तो म्हणाला. “तीनदा.”

“कळलं नाही रे. अनोळखी नंबर...”

“कळलं होतं तुला.”

तो रागावला नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. तो रिपोर्ट वाचून दाखवावा तसं सांगत होता.

“तुझं नाव घेईन म्हणून भ्यालास. मला तुझ्याकडून काही नको होतं. हिची सकाळपाळी होती. अडीचला ड्यूटीवरून आली तर जिन्यात पोलीस. दोघांचे फोन त्यांनी घेतले, घराला सील लावलं. मी दवाखान्यातून धावत आलो तोवर हिला खाली काढलं होतं, मला गाडीत घातलं. ठाण्यात फोन करू दिला, तर मला एकच नंबर पाठ होता, तुझा. हिला तिथून घेऊन जा, एवढंच सांगायचं होतं. तू अहमदीहून अर्ध्या तासात पोचला असतास.”

मी विचारलं, “मग?”

“मग काय. उभी होती. मला घेऊन जाताना मी तिला म्हणालो होतो, इथंच थांब, तो येतो तुला न्यायला. म्हणून ती हलली नाही. युनिफॉर्मवर, त्या उन्हात. सात वाजता तळमजल्यावरच्या इजिप्तच्या बाईनं हाताला धरून आत नेलं. तरी ही तिला सांगायली, नको, भावजी येतील, मी दिसले नाही तर परत जातील.”

बाहेर त्या बाईंनी पट्टीचं काही विचारलं. तो उठून गेला, उत्तर देऊन परत आला. बसला नाही.

“घरी नेलं असतं तुला,” तो म्हणाला. “पण ही नको म्हणाली.”

मी माफी मागितली. त्याने ऐकून घेतलं. माझ्या खांद्यावर हात ठेवला, फार वेळ नाही, आणि मला गाडीपर्यंत सोडायला आला. “साखर तपासतोस का?” त्याने विचारलं. मी हो म्हणालो. “तपासत जा,” म्हणाला. मग म्हणाला, “आता पुन्हा इतक्या लांब येऊ नको.” मी गाडीत बसलो तेव्हा तो आत गेलेला होता.

कुवेतला परत आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. तिला त्या फोनबद्दल काहीच माहीत नव्हतं. ती भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली आणि विचारलं, “तू काय करत होतास तेव्हा?” मी म्हणालो, मोरी घासत होतो. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. आमच्या लग्नाला सतरा वर्षं झाली आहेत. तिने माझ्याकडे त्या नजरेने आधी कधी पाहिलं नव्हतं. मुलगी खोलीतून डोकावली, “व्हॉट हॅपन्ड?” म्हणाली, आणि आमची तोंडं बघून परत गेली.

चार दिवसांनी बायकोने वहिनींना फोन लावला. आतल्या खोलीत, दार लावून. मला आधी तिचा आवाज ऐकू आला, मग बराच वेळ काहीच नाही, मग तिचं रडणं. तासाभराने बाहेर आली. मी विचारलं, काय म्हणाल्या? ती म्हणाली, “जे बोलल्या ते माझ्याशी बोलल्या.”

आता महिन्यातून एकदा तरी त्यांचं बोलणं होतं. वहिनी तिथे एका खाजगी दवाखान्यात लागल्या आहेत, पावसाळ्यात गुडघा दुखतो, लॅबला आणखी एक खोली मिळाली आहे, असं बायकोच्या तोंडून मला थोडंथोडं कळतं. फोन स्पीकरवर चालू असतो तेव्हा मी बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसतो. दार बंद असतं. कधीकधी दोघी हसतात. एकदा मला वाटलं, मागे त्याचाही आवाज ऐकू आला, काहीतरी विचारत असल्यासारखा. मी पेपर खाली ठेवला आणि थांबलो. पण दार उघडलं नाही, आणि थोड्या वेळाने आत दोघी पुन्हा भाज्यांच्या भावांबद्दल बोलू लागल्या.